कोकणच्या हवेत चामड्याच्या सीट्स: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

माझ्या गाडीच्या पुढच्या दोन सीट्स अस्सल चामड्याच्या आहेत आणि मागचं बाक लेदरेटचं, म्हणजे कृत्रिम चामड्याचं. हे तुलना करायची म्हणून केलेलं नाही. आई माळकरी आहे, चामड्याची वस्तू ती वापरत नाही, आणि मागे बहुतेक वेळा तीच बसते. पण त्यामुळे झालं असं की एकाच गाडीत, एकाच उन्हात आणि एकाच दमट हवेत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वापरून पाहता आले. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे निघाले आहेत, त्यामुळे आता ठामपणे काही लिहिता येईल.

आधी वापराबद्दल. मी आंबा-काजूच्या बागायतदारांना सल्ला द्यायचं काम करते. रत्नागिरी, राजापूर, देवगड हा माझा पट्टा. दिवसभर गाडीत बस, उतर, बागेत फिर, परत बस. गाडी बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. कपड्यांना जांभ्याची तांबडी धूळ, पावसाळ्यात ओली छत्री आणि चिखलाचे बूट. शहरात ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा माझ्या सीट्सना जास्त सोसावं लागतं, हे वाचताना लक्षात ठेवा.

चामडं उत्तम टिकलं आहे. लेदरेटही अजून फाटलेलं नाही, पण ते कुठून जाणार हे आत्ताच दिसायला लागलंय. आणि या काळात मला जे सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते हे की गाडीच्या सीटवर आपला हात चामड्याला लागतच नाही. तो लागतो चामड्यावरच्या लेपाला. सांभाळायचा असतो तो लेप.

हे जरा उलगडून सांगते, कारण बाजारातले निम्मे सल्ले इथेच चुकतात. आपल्याकडे चामडं म्हटलं की कोल्हापुरी चप्पल डोळ्यांसमोर येते. ते चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं. ते उघडं असतं, तेल पितं, घाम पितं, वापरून वापरून पायाच्या आकाराचं होतं. गाडीच्या सीटचं चामडं बऱ्याचदा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. त्यामुळे ते मऊ राहतं आणि उष्णता जास्त सोसतं. मग त्यावर रंगाचा थर देतात आणि त्याच्यावर पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर. भिंतीला जसा ऑइल पेंट, तसंच. म्हणून ‘दर महिन्याला तेल चोळा, चामडं पोसलं जातं’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. तेल वरच राहतं, त्यात धूळ बसते, आणि ती धूळ आपण बसता-उठताना लेप घासत राहते.

काम कोल्हापुरात एका कुशनवाल्याकडून करून घेतलं. वरून चढवायची कव्हरं नकोच होती. ती सरकतात, कोपऱ्यात गोळा होतात आणि त्यांच्याखाली ओल साठते. त्यानं सीट्स गाडीतून काढल्या, मूळ कापड उतरवलं, त्याच कापडाचे तुकडे उसवून त्यावरून चामडं बेतलं आणि नवं कव्हर फोमवर ताणून तारेच्या कड्यांनी बसवलं. पुढच्या दोन सीट्सना मजुरीसकट चौतीस हजार, मागच्या बाकाला लेदरेटमध्ये साडेनऊ हजार. फरक मोठा आहे, लपवण्यात अर्थ नाही.

माल निवडताना त्यानं जे दाखवलं ते इथे देते, कारण ॲक्सेसरीच्या दुकानांत ‘नापा लेदर’ (म्हणजे मऊ अस्सल चामडं) या नावाखाली बरंचसं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पीव्हीसीच, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला कृत्रिम माल, विकलं जातं. त्यानं तुकडा उलटा करून दिला. अस्सल चामड्याची मागची बाजू केसाळ, तंतूंची. कृत्रिम मालाच्या मागे विणलेलं कापड दिसतं. मग कापलेली कड. चामड्याच्या कडेला तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात, कृत्रिमला वर प्लॅस्टिकचा थर आणि खाली कापड अशी स्वच्छ रेघ दिसते. अंगठ्यानं दाबलं की चामड्यावर बारीक सुरकुत्या अंगठ्याभोवती पसरतात. शेवटी त्यानं दोन्हींची एकेक चिंधी काडेपेटीनं पेटवली. चामड्याला केस जळल्याचा वास आला, दुसरी वितळून काळा गोळा झाली. पाण्याचा थेंब टाकून बघायची पद्धत मात्र सोडून द्या, लेप असलेलं चामडंही पाणी पीत नाही. वासावरही जाऊ नका, चामड्याचा वास बाटलीत मिळतो. जाडी साधारण सव्वा मिलिमीटर घेतली. धागा नायलॉनचा, सुती नाही. सुती धागा आमच्या हवेत कुजतो आणि सीट शाबूत असताना शिलाई उसवते.

इथेच एक गोष्ट, आणि हिच्यात तडजोड करू नका. माझ्या गाडीत एअरबॅग फक्त पुढच्या दोन आहेत, स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये. ज्या गाड्यांत बाजूच्या एअरबॅग सीटच्या पाठीत असतात, त्यांच्या पाठीच्या बाहेरच्या कडेची शिलाई मुद्दाम अशा धाग्याची असते की एअरबॅग फुगली की ती तिथेच फाटावी. वरून जाड कव्हर घातलं किंवा ती कड भक्कम धाग्यानं शिवली, तर एअरबॅग वेळेवर बाहेर येणार नाही. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर हे काम माहीतगाराशिवाय कुणालाही देऊ नका. वाऱ्याच्या, म्हणजे व्हेंटिलेटेड सीट्स असतील तर वरून कव्हर घालण्यात काही अर्थच नाही, हवेची भोकंच बंद होतात.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीतली हवा पन्नास अंशांच्या वर सहज जाते. चामडं आणि लेदरेट दोन्ही तापतात, पहिल्या पाच मिनिटांत दोन्हींवर बसवत नाही. पण एसी सुरू झाला की चामडं लवकर निवतं, निदान मला तरी तसं जाणवतं, आणि पाठ कमी घामेजते. पुढच्या सीट्सच्या मधल्या भागाला बारीक छिद्रं पाडून घेतली आहेत, त्याचाही हात असणार. आई मागे बसून सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या रस्त्यानं आली की पाठीला साडी चिकटते, म्हणून बाकावर तिनं सुती पंचा टाकलाय आणि तो आता तिथेच असतो. रंग मी गडद तपकिरी घेतला. काळा तापतो, आणि फिक्या रंगावर जीन्सचा निळा उतरतो. नव्या जीन्सचा डाग लेपात मुरला की नुसत्या पुसण्यानं जात नाही. काचांना काळी फिल्म लावून ऊन अडवण्याचा मोह होतो, पण नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. मी गाडी उभी केली की पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावते. ड्रायव्हरच्या सीटचा रंग अजून जपून ठेवलेल्या उरलेल्या चामड्याच्या तुकड्याशी जुळतो, त्याचं श्रेय मी या पडद्याला देते.

पावसाळा हा खरा प्रश्न. पहिल्या पावसाळ्यात गाडी आठवडाभर शेडमध्ये बंद होती. दार उघडलं तर कुबट वास, आणि हेडरेस्टच्या खालच्या बाजूला, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, करड्या बुरशीचे ठिपके. लेदरेटवरही होते, फक्त शिलाईच्या ओळीत. बुरशी गाडीच्या आत झटकू नका, ती सगळीकडे पसरते. सुक्या फडक्यानं अलगद टिपून फडकं बाहेर टाकलं, मग सौम्य क्लीनरनं पुसलं, मग चारही दारं उघडी ठेवून सावलीत वाळवलं. कडक उन्हात वाळवायचं नाही. तेव्हापासून गाडी चालवायची नसली तरी दोन-तीन दिवसांआड एसी लावून थोडी फिरवते, शेडमध्ये काचा बोटभर खाली ठेवते, आणि ओला रेनकोट सीटवर कधीच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बुरशी आली नाही.

स्वच्छतेचा माझा क्रम असा. आधी व्हॅक्यूम, विशेषतः शिलाईच्या ओळीत आणि पाठ-बैठक जुळते त्या फटीत. जांभ्याची धूळ तिथे जाऊन बसते. भिंगातून पाहिलं तर टाक्याच्या प्रत्येक भोकाभोवती तांबडी कडी दिसते, आणि ते कण धाग्याला आतून कापत असतात. मग ओलसर, घट्ट पिळलेलं सुती फडकं. हे आठवड्याला. महिन्या-दीड महिन्यानं चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर, तोही फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर घेऊन, सीटवर थेट फवारून नाही. छिद्रांतून पाणी गेलं की ते खालच्या फोममध्ये राहतं आणि फोमला वास येतो. नंतर पाण्यात बनवलेलं संरक्षक लोशन, पातळ. चकाकी आणणारं डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश सीटला लावू नका. सीट निसरडी होते, आणि पुढे कधी रंग द्यायची वेळ आली तर रंग धरत नाही.

काय टाळायचं त्यात पहिला मान खोबरेल तेलाला. हेडरेस्ट हा सीटचा सगळ्यात आधी खराब होणारा भाग, आणि आपल्याकडे कारण एकच, डोक्याचं तेल. तेल आणि घाम मिळून लेप हळूहळू मऊ चिकट करतात, मग तो सोलवटतो. मी हेडरेस्टवर सुती खोळ घालते, धुवायला टाकता येते. दुसरं सॅनिटायझर. त्यातल्या अल्कोहोलनं लेप फिका पडतो. हात पूर्ण वाळल्याशिवाय सीटला लावू नये. तिसरं, डास पळवणारी, डीट नावाचं रसायन असलेली मलमं. डीट प्लॅस्टिकला आणि कृत्रिम चामड्याला विरघळवतं, आणि बागेत जाताना ते हातापायाला फासलेलं असतंच.

आता लेदरेट. दिसायला ते अजूनही चामड्यापेक्षा नवं दिसतं, कारण त्यावर घड्या पडत नाहीत. माझ्या सीटच्या दाराकडच्या उंच कडेवर, जिथून मी रोज घासून उतरते, तिथे बारीक घड्या पडल्या आहेत. पुष्कळ लोक त्यालाच सीट खराब झाली म्हणतात. घडी आणि तडा यांत फरक आहे. घडीवरून नख फिरवलं तर अडकत नाही, तड्यात अडकतं. घड्या चामड्याला पडणारच.

लेदरेटचं दुखणं वेगळं. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर मिसळतात, आणि उन्हानं ते हळूहळू उडून जातं. नव्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून धुरकट चिकट थर बसतो ना, त्यात ते असतं. ते गेलं की माल ताठरतो आणि तडकतो. पीयूचं उलट, त्याला उष्ण दमट हवा मानवत नाही, ओलीनं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि पापुद्रे निघतात. कोकणात आणि मुंबईत ज्यांच्या घरातला पीयूचा सोफा सोलवटलाय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून मी बाकासाठी पीयू न घेता चांगल्या प्रतीचं पीव्हीसी घेतलं, आणि दमट भागात राहणाऱ्या कुणालाही तेच सांगेन. तरी मुलाची चाइल्ड सीट जिथे टेकते तिथे पाइपिंगला, म्हणजे शिलाईतल्या गोल गोटाला लागून शिलाईची भोकं लांबट झाली आहेत. बाक फाटेल तर तिथूनच. चाइल्ड सीटखाली आता जाड सुती कापडाची घडी आहे. रबराची मॅट ठेवली होती, ती उन्हात लेदरेटला चिकटायला लागली म्हणून काढली.

दुरुस्तीत मात्र चामड्याची किंमत वसूल होते. पट्ट्याच्या बकलनं कडेवर एक ओरखडा पडला होता. कुशनवाल्यानं जागा साफ केली, बारीक पॉलिश पेपरनं घासली, भरण भरलं, रंग फवारला, वर लेप दिला. आता मला सांगूनच दाखवावा लागतो. लेदरेट फाटलं की ठिगळ किंवा कव्हरचा तो अख्खा भाग बदलणं, आणि पीयूचे पापुद्रे निघायला लागले की त्यावर उपाय नाही. गाडी तीन-चार वर्षांत विकणार असाल तर चामड्यावर एवढा खर्च करू नका, चांगलं लेदरेट पुरेल. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल, स्वतः चालवणार असाल, तर निदान ड्रायव्हरची सीट चामड्याची करून घ्या.

चामड्याच्या सीट्सची जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही एक. 2019 साली सांगली-कोल्हापुरात आणि 2021 साली चिपळूण-महाडला आलेल्या पुरांत पुष्कळ गाड्या पाण्यात गेल्या. सीटवर नवं कव्हर चढवलं की वरून काही कळत नाही. सीट पुढे-मागे सरकवून रुळांवरचा गंज बघा, गालिचा उचलून खाली गाळ आहे का बघा, बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ शोधा. भिजून वाळलेलं चामडं पुठ्ठ्यासारखं ताठ लागतं, तेही हाताला कळतं.

काम करून घेणार असाल तर कुशनवाल्याकडून उरलेल्या चामड्याचा तुकडा आणि त्या रंगाची छोटी बाटली मागून घ्या, आणि रंगाचा नंबर बिलावर लिहून घ्या. ओरखड्याच्या वेळी तोच तुकडा जुळवणीला लागला. ऊन लागून रंग बदलू नये म्हणून तो मी कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते.