आप्पांची दुनळी बेळगावच्या लेकीकडे: हयातीत, मागाहून की विकूनच टाकावी?

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, ट्रॅक्टरचे पाने अशी रांग लागते आणि तिच्या टोकाला आप्पांची बंदूक असते. दुनळी, बारा बोअर. लाकडी दस्त्यावर गाल टेकतो तिथलं वार्निश पार उडालंय. आधी आजोबांच्या गालानं, मग आप्पांच्या. आप्पा आता ७६ वर्षांचे. मी पुण्यात, मला ती सांभाळायची हौस नाही. अक्काला आहे, कॉलेजात एनसीसीत तिनं रायफल चालवलीय. पण अक्का दिली बेळगावला, आणि बंदूक गडहिंग्लजला.

राज्य बदललं की कायदाही बदलत असेल, असं आम्हाला वाटत होतं. तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा, केंद्राचा. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. दोन्ही राज्यांना तेच लागू. खरी अडचण अशी की बंदूक कुटुंबाच्या नावावर नसते, एका माणसाच्या परवान्यावर असते. हस्तांतराच्या व्याख्येत विकणं तर येतंच, पण देणं, भाड्यानं देणं, चार दिवस उसनी देणं, ताबा सोडणं हेही येतं. ‘घरातल्या घरात’ ही सवलत कुठंच नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला दुसरा कुणी घेऊन जाऊ शकतो, अशी थोडीफार मोकळीक आहे. गाडीच्या डिकीत टाकून अक्काकडे पोचवली असती, तर विनापरवाना बाळगल्याचा गुन्हा तिच्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आहे, वर दंड. बक्षीसपत्र करून भागत नाही. मृत्युपत्रात लिहिलं तरी मालकीचा वाद मिटेल, परवाना काही त्यातून निघत नाही.

मग आमच्यापुढे वाटा उरल्या त्या अशा.

पहिली, आप्पांच्या हयातीत वारसाच्या नावे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. ही तरतूद २०१६ च्या नियमांतच आहे आणि बऱ्याच घरांत ती कुणाच्या गावीही नसते. लेक कायदेशीर वारस आहे, लग्न होऊन परराज्यात गेली म्हणून ती वारस राहत नाही असं नाही. (भावकीतल्या एका काकांनी नेमकं हेच ऐकवलं होतं. असो.) अर्ज करायचा वारसानं, आपण राहतो तिथल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे: पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी. म्हणजे धावपळ बेळगावात अक्काची आणि कागद गडहिंग्लजहून आप्पांचे. तिला वैद्यकीय प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी कुलुपात ठेवण्याची हमी आणि स्थानिक ठाण्याची पडताळणी, हे सगळं लागतं. वारस आहे म्हणून यातलं काही टळत नाही. नियमात ‘परवाना देता येईल’ असं आहे, ‘द्यावाच लागेल’ असं नाही. नाकारला तर अपील आहे.

दुसरी वाट, मागाहून बघू. बहुतेक घरं हीच धरतात, कारण वडिलांपुढे हा विषय काढायचा कुणी? पण माणूस गेला की त्याच्या परवान्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. उगाच उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, उरलेल्या काडतुसांसकट. दिवसकार्याच्या गडबडीत हे नेमकं राहतं. मग वारसाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकीच्या वारसांची ‘आमची हरकत नाही’ अशी प्रतिज्ञापत्रं. एक भाऊ दुबईला असेल किंवा शेताच्या बांधावरून रुसलेला असेल, तर एकेका सहीला महिने जातात. आमच्या ओळखीच्या एका घरातली बंदूक अशी पाच वर्षं ठाण्यात पडून होती. परत मिळाली तेव्हा खटका हलेना, नळीत बोटभर गंज. पूजेला ठेवायलाही ती राहिली नव्हती.

तिसरी वाट ज्याच्याकडे आधीच परवाना आहे त्याच्यासाठी, मग तो मेहुणा असो की मित्र. बंदूक वैध परवान्यावर असेल आणि घेणाराही ती बाळगायला पात्र असेल, तर देणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं: कुणाला देतोय, त्याचं नाव, पत्ता. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. वारसाहक्काच्या मानानं ही वाट आखूड, पण घेणाऱ्याच्या परवान्यात जागा हवी. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९ पासून दोनच. वारशानं आलेलीही त्या दोनांतच धरतात. वय २१ च्या आत असेल तर विचारच नको.

आणि शेवटी विक्रेत्याला देऊन टाकणं. सगळ्यात सोपं, पण जुन्या दुनळीचे पैसे फारसे येत नाहीत. कुणालाच नको असेल तर मात्र मी हेच सुचवेन. वारशाच्या नावाखाली पुण्याच्या दोन खोल्यांत, लहान पोरांच्या घरात बंदूक ठेवण्यात काय अर्थ आहे?

पिकांच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुकीचं गणित वेगळं. तो परवाना रानडुकरांपासून त्या शेताचं रक्षण करण्यासाठी असतो. शेती कसणाऱ्या भावाला डावलून ती शहरातल्या बहिणीकडे न्यायची म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल, ‘शेत कुठंय?’ कर्नाटकातल्याच कोडगूमधल्या (कूर्गमधल्या) कोडवा लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, हे ऐकून अक्का म्हणाली, ‘मग मलाही कर्नाटकात...’ नाही अक्का, ती सूट कोडवांना आणि तिथल्या जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या, जमीनधारकांना, तुझ्या सासरला नव्हे.

आमच्यासाठी पहिलीच वाट बरी ठरली, आणि तिचं कारण कायद्यात कमी, आप्पांत जास्त आहे. अजून ते स्वतः तहसीलपर्यंत चालत जातात, सही ठळक करतात आणि ‘लेकीलाच द्यायची’ हे अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगतात. उद्या हेच आम्हाला चार प्रतिज्ञापत्रांतून शाबीत करत बसावं लागलं असतं.

एक गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. नवा परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. नुसतं कर्नाटक असेल, तर गडहिंग्लजहून बंदूक उचलण्याआधी त्या प्रवासाची परवानगी वेगळी मागायची. आणि कुरिअर-पार्सलचा विषयच काढायचा नाही.

अक्काची पडताळणी झालीय, प्रशिक्षणही झालं. परवाना अजून यायचाय. तोवर बंदूक आप्पांच्याच कपाटात, किल्ली त्यांच्या करगोट्याला. यंदाची माळ गडहिंग्लजलाच पडेल.