हेड गॅस्केट गेलंच नव्हतं, बिल मात्र 46,500 चं

पुण्यात ज्यांच्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर आहे त्यांनी हे वाचा, त्यातही ज्यांचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही त्यांनी तर नक्कीच.

गाडी 2010 ची, 2.2 डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण यात गाडीचा दोष नाही, इतक्या वर्षांत रबर कडक होणारच. बाबांनी घेतलेली गाडी आहे, आता ते चालवत नाहीत, मी चालवतो, आणि तिला काही झालं की घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी घाबरलो आणि घाबरलो म्हणूनच फसलो.

जुलैमध्ये मुळशीवरून ताम्हिणीला निघालो होतो, चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली रिकामी. पाणी भरून हळूहळू परत आलो. मग लक्ष ठेवलं तर दर 200-250 किलोमीटरला साधारण अर्धा लिटर गायब, आणि पार्किंगमध्ये पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी पुठ्ठा कोरडा. ऑफिसातल्या एकानं सिंहगड रोडच्या बाजूचं एक गॅरेज सांगितलं, तिथे गेलो.

मालकानं गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. रेडिएटरची कॅप काढली, वरून पाणी ओतलं, लगेच गाडी चालू केली आणि मला बोलावलं, "साहेब, हे बुडबुडे बघा. हेड गॅस्केट गेलंय. अजून शंभर किलोमीटर चालवलीत तर इंजिन सीज, मग लाख-दीड लाखाला मरण नाही." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पातळ सील, ती गेली की सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतो आणि बुडबुडे येतात. बुडबुडे येत होते हे खरं. पण पाणी कमी झालेल्या सिस्टिममध्ये नवीन पाणी ओतून इंजिन चालू केलं की अडकलेली हवा बाहेर येते, बुडबुडे येणारच, धडधाकट गाडीतही येतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गॅस्केट गेल्याची खूण म्हणजे हवा पूर्ण निघून गेल्यावरही बुडबुडे न थांबणं, थंड इंजिन चालू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होणं, पांढरा गोडसर वासाचा धूर, किंवा ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होणं. माझ्या गाडीला यातलं एकही नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

पाच दिवस गाडी त्याच्याकडे. हेड उतरवणं, फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, ऑइल, कूलंट, मजुरी मिळून 46,500. मी दोनदा फोन केला की हेड उघडल्यावर बघायला येतो, दोन्ही वेळा उत्तर एकच, हेड लेथवाल्याकडे गेलंय. घ्यायला गेलो तर एका पिशवीत जुनं जळकं गॅस्केट हातात दिलं, "बघा कसं जळलंय." मला तर बरंच वाटलं, माणूस जुना पार्ट परत देतोय म्हणजे प्रामाणिक आहे. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. पैसे मात्र मी यूपीआयनं दिले आणि आता तेवढाच एक धड पुरावा हातात आहे.

तीनशे किलोमीटरमध्ये बाटली परत अर्धी. त्याला फोन केला तर म्हणे आता रेडिएटर बदलावा लागेल, 14,000. तेव्हा कुठे माझं डोकं ताळ्यावर आलं.

बायकोच्या मामांच्या ओळखीनं भोसरीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गाडी थंड होऊ दिली, दोन तास. मग रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावला, म्हणजे हातपंप आणि वर मीटर, एवढंच. 15 पीएसआयपर्यंत हवा मारली (कॅपवर लिहिलेलं असतं त्याच्यावर मारायची नाही) आणि म्हणाले चहा घेऊ. दहा मिनिटांत काटा 11 वर. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, हीटरच्या होजची क्लिप दाखवली. तिथून बारीक थेंब, थेट गरम बेलहाऊसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरवर), आणि तिथे पांढरट हिरवा थर वाळून बसलेला. गाडी गरम असतानाच प्रेशर तयार होतं म्हणून गळती चालताना आणि थेंब तिथल्या तिथे वाळून जातो, पुठ्ठ्यावर काय पडणार!

मी त्यांना गॅस्केटची पिशवी दाखवली. त्यांनी व्हर्निअर लावला, भोकाचं माप 70 मिलिमीटरच्या आसपास. माझ्या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 85 आहे. एका छोट्या डिझेल कारचं गॅस्केट मला माझं म्हणून दिलं होतं! मग त्यांनी हेड आणि ब्लॉकच्या मधली कड दाखवली, जुनी धूळ आणि तेलाचा थर जसाच्या तसा, टर्बोच्या पाइपचे नट गंजलेले, कुठल्याही नटावर पाना लागल्याची खूण नाही. टर्बोचा पाइप न सोडता हेड निघेल कसं? म्हणजे हेड उतरलंच नव्हतं. ऑइल बदललं की नाही ते कळायला मार्ग नाही, डिझेलचं ऑइल तसंही लगेच काळं होतं. आणि रेडिएटरमध्ये चॉकलेटी गाळ, लीक बंद करायची पावडर टाकलेली. रस्त्यात अडकलो तर आपण हळद टाकतो तसाच प्रकार, पण त्या गाळानं हीटरची कॉइल अर्धी चोंदली, ती फ्लश करायला वेगळी अर्धा दिवस मेहनत.

होज, दोन क्लिपा, फ्लश, नवीन कूलंट, मजुरी धरून 3,100 रुपये.

तुम्हाला कोणी हेड गेलंय म्हणालं तर आधी प्रेशर टेस्ट समोर उभं राहून करून घ्या. निळ्या पाण्याची ब्लॉक टेस्टही असते, कूलंटमध्ये इंजिनचा धूर येत असेल तर पाण्याचा रंग बदलतो, पाच-दहा मिनिटांचं काम. टेस्टर नाही म्हणाला तर गाडी उचला. हेड उघडायचंच ठरलं तर उघडताना तिथे हजर राहा आणि उघड्या ब्लॉकचा फोटो नंबर प्लेटसकट काढा.

मी त्या गॅरेजला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली आहे आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि मुदत 2 वर्षांची असते, त्यामुळे नोटिशीला उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात तिथे जाणार. ते 70 चं गॅस्केट कपाटात जपून ठेवलंय, मिस्त्रींनी आयोगासमोर येऊन सांगायची तयारी दाखवली आहे. बाबांना मात्र अजून 46,500 चा आकडा सांगितलेला नाही.