युंगफ्राऊ, टिटलिस की शिल्टहॉर्न : मेच्या सुट्टीत एकच बर्फाचा डोंगर निवडताना

मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचे नक्की झाले आणि व्हिसाचे कागद जमू लागले, की पुण्यातील कुटुंबांपुढे येणारा पुढचा प्रश्न डोंगरांचा असतो. युंगफ्राऊ करावे, टिटलिस करावे, दोन्ही करावे, की कोणी तिसराच सुचवतो तो शिल्टहॉर्न? दोन वर्षांपूर्वी मी आई-वडील आणि अकरा वर्षांची मुलगी यांच्यासह गेले, तेव्हा आम्ही पहिले दोन्ही डोंगर चार दिवसांच्या अंतराने पाहिले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की आठ-नऊ दिवसांच्या सहलीत बर्फाचा उंच डोंगर एकच असावा. दुसऱ्या डोंगरावर मुलांना तोच बर्फ, तशीच हिमगुहा आणि तीच थंडी भेटते, आणि एक पूर्ण दिवस व मोठी रक्कम मात्र नव्याने खर्च होते. म्हणून एकच निवडायचा झाल्यास कोणता, याचा हा विचार आहे.

‘युंगफ्राऊला जाऊन आलो’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात आपण त्या शिखरावर गेलेलो नसतो. शिखर ४१५८ मीटरचे आहे. रेल्वे जाते ती युंगफ्राऊ आणि म्योंख या दोन शिखरांमधील खिंडीत, म्हणजे युंगफ्राऊयोख येथे, ३४५४ मीटरवर, आणि युरोपातील हे सर्वांत उंचावरील रेल्वे स्थानक आहे. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योजकाने आखलेल्या या मार्गाचे काम १८९६ मध्ये सुरू झाले, १८९९ मध्ये ते स्वतः निवर्तले आणि गाडी वर पोहोचली ती १९१२ मध्ये. आयगर आणि म्योंख यांच्या पोटातून खोदलेला हा बोगदा सुमारे सात किलोमीटरचा आहे. कर्जत-लोणावळ्याच्या घाटातील बोगदे मोजत लहानाचे मोठे झालेल्या माझ्या वडिलांना वर दिसलेल्या बर्फापेक्षा हा बोगदाच अधिक लक्षात राहिला, आणि त्यांचे ते मोजमाप मला योग्य वाटते. ज्याला अभियांत्रिकीची, रेल्वेची ओढ आहे, त्याच्यासाठी हा प्रवास हेच प्रेक्षणीय स्थळ आहे. वर पोहोचल्यावर दिसणारी आलेच हिमनदी आल्प्समधील सर्वांत मोठी आहे. सुमारे वीस किलोमीटर लांबीचा तो बर्फाचा पट्टा दक्षिणेकडे वळत जाताना दिसतो, आणि हा परिसर २००१ मध्ये जागतिक वारसा ठरला. अशी हिमनदी टिटलिसवर किंवा शिल्टहॉर्नवर दिसत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

तरीही युंगफ्राऊयोखची निवड करण्यापूर्वी उंचीचा विचार शांतपणे करावा, कारण याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. युंगफ्राऊच्या प्रवासाला जेथून निघतात ते इंटरलाकेन आणि पुणे या दोन्ही गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास सारखी, म्हणजे ५६० मीटरच्या आसपास आहे, आणि युंगफ्राऊयोखची उंची जवळपास लेहइतकी आहे. लेहला विमानाने उतरल्यावर पहिला दिवस, शक्यतो दोन दिवस, विश्रांती घ्यावी असे प्रत्येक जण सांगतो. येथे मात्र आपण साधारण दीड तासात पुण्याच्या उंचीवरून लेहच्या उंचीवर पोहोचतो आणि लगेच हिमगुहेतून चालू लागतो. २०२० च्या डिसेंबरपासून वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगरग्लेचर या वरच्या स्थानकापर्यंत नेणारी नवी केबल कार पंधरा मिनिटांत चढते, त्यामुळे वेळ वाचतो, परंतु शरीराला सवय होण्यासाठी मिळणारा अवधीही तेवढाच कमी होतो. आमच्या आईला वर पोहोचल्यानंतर वीस मिनिटांत डोके जड होऊन चक्कर आली, आणि पुढचा तास तिने बाकावर बसून काढला. तिचे वय तेव्हा ६८ होते आणि तिला रक्तदाबाचा त्रास आहे. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना ‘स्वित्झर्लंडला जातो आहे’ एवढेच न सांगता ‘३४५४ मीटरवर दोन-तीन तास थांबणार आहे’ असे नेमके सांगून सल्ला घ्यावा.

टिटलिसचे वरचे स्थानक ३०२० मीटरवर आहे, म्हणजे उंची चारशेहून अधिक मीटर कमी. हा फरक कागदावर लहान वाटला तरी आईला तेथे अजिबात त्रास झाला नाही. येथे रेल्वे नाही, सर्व चढण केबल कारची आहे, आणि शेवटच्या टप्प्यात १९९२ पासून चालणारी गोल फिरणारी केबिन असल्यामुळे खिडकीजवळच्या जागेसाठी धडपड करावी लागत नाही. वर सुमारे शंभर मीटर लांबीचा आणि जेमतेम एक मीटर रुंदीचा झुलता पूल २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. मुलीने तो चार वेळा ओलांडला, आईने एकदाही नाही. टिटलिसचा खरा फायदा असा की उतरताना मध्येच सुमारे अठराशे मीटरवरच्या ट्र्युबझे तलावाकाठी थांबता येते, आणि ज्यांना वर जायचेच नाही त्यांना तेथेच बसवून इतरांना पुढे जाता येते. तीन पिढ्या एकत्र असताना ही सोय फार मोलाची ठरते.

अर्थात मुक्काम कोठे आहे यावरच निम्मा निर्णय होतो. लुसर्नहून टिटलिसच्या पायथ्याचे एंगेलबर्ग पाऊण तासावर आहे, तर लुसर्नहून इंटरलाकेनलाच सुमारे दोन तास लागतात. लुसर्नला राहून एका दिवसात युंगफ्राऊयोख करून परतणे शक्य आहे, पण तो दिवस गाड्या बदलण्यातच सरतो. इंटरलाकेनला राहून टिटलिसला जाण्याबाबतही हेच म्हणता येईल.

इंटरलाकेनला राहणाऱ्यांनी शिल्टहॉर्नचा विचार अवश्य करावा, आणि माझ्या मते त्याच्याकडे नाहक दुर्लक्ष होते. उंची २९७० मीटर आहे आणि येथून आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे समोर एका ओळीत दिसतात. युंगफ्राऊयोखवर आपण त्यांच्या मध्येच उभे असल्याने ती रांग अशी दिसत नाही. वाटेत म्युरेन हे मोटारी नसलेले गाव लागते, ज्याची उंची १६३८ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईइतकी आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्टेशेलबर्गहून म्युरेनला जाणारी नवी केबल कार सुरू झाली. शिल्टहॉर्नवर हिमगुहा आणि बर्फातले खेळ नाहीत, त्यामुळे बर्फ प्रथमच पाहणाऱ्या लहान मुलांना तो थोडा फिका वाटू शकेल. मोठ्यांना वाटणार नाही.

खर्चाच्या बाबतीत तिघांमधील अंतर मोठे आहे. सवलतीशिवाय इंटरलाकेनहून युंगफ्राऊयोखचे जाऊन-येऊन तिकीट हंगामात दोनशे फ्रँकच्या वर जाते, तर एंगेलबर्गहून टिटलिसचे शंभर फ्रँकच्या आसपास असते, आणि एका फ्रँकला आपल्याला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे गाड्या-बस-बोटींसाठीचा पर्यटकांचा एकत्रित पास, असल्यास युंगफ्राऊचा प्रवास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत पासात येतो आणि पुढे फक्त २५ टक्के सवलत मिळते, टिटलिसला एंगेलबर्गच्या पुढे निम्मे भाडे पडते, आणि शिल्टहॉर्नला म्युरेनपर्यंत काही द्यावे न लागता त्यापुढे निम्मे भाडे पडते. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड पासाबरोबरच मागून घ्यावे, कारण पालकांसोबत ती विनामूल्य प्रवास करतात.

हवामान मात्र या तिन्ही डोंगरांना सारखेच लागू आहे. मे महिन्यात खाली ऊन असताना वर ढग असणे ही रोजची गोष्ट आहे. आमची युंगफ्राऊची तिकिटे एका सहल कंपनीने दोन महिने आधीच, तारीख न बदलता येणाऱ्या अटीवर काढली होती, आणि त्या दिवशी बहुतेक वेळ काचेबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसले नाही. आलेच हिमनदी आम्हाला जेमतेम दहा मिनिटे दिसली. या डोंगरांवरील कॅमेऱ्यांची थेट चित्रे सकाळी मोबाइलवर पाहता येतात. ती पाहूनच त्या दिवशीचा बेत ठरवावा, आणि त्यासाठी मुक्कामाच्या गावी किमान तीन रात्री हाताशी ठेवाव्यात.

उंच डोंगर एकच ठेवल्याने जो दिवस मोकळा होतो, तो लुसर्नजवळच्या रिगी या कमी उंचीच्या डोंगराला द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. लुसर्नहून बोटीने फिट्सनाउ, तेथून १८७१ मध्ये सुरू झालेली युरोपातील पहिली दातेरी चाकांची डोंगरी रेल्वे, आणि परतताना वेगिसकडे उतरणारी केबल कार असा हा संपूर्ण फेरा पासात येतो. रिगी १७९७ मीटरचा, म्हणजे कळसूबाईहून दीडशे मीटरने उंच आहे, आणि ज्येष्ठांना तेथे श्वासाचा त्रास सहसा होत नाही. लुसर्नजवळच्याच पिलाटुस डोंगराची १८८९ ची रेल्वे ४८ टक्के चढावाची, म्हणजे जगातील दातेरी रेल्वेंमध्ये सर्वांत तीव्र चढणीची असली, तरी पासावर निम्मे भाडे द्यावेच लागते आणि वर बर्फ असल्यास मेच्या आरंभी ती सुरू झालेली नसू शकते.

धबधब्यांत निवड सोपी आहे. झ्युरिकहून विमान पकडायचे असेल तर ऱ्हाइनचा धबधबा पाहावा. तो २३ मीटरच उंच आहे, पण १५० मीटर रुंद आहे आणि बर्फ वितळल्यामुळे मे-जूनमध्ये भरून वाहतो. इंटरलाकेनला असाल तर लाउटरब्रुनेनच्या दरीतील ट्र्युमेलबाख पाहावा, जो डोंगराच्या आत वाहतो, परंतु तेथे पायऱ्या ओल्या असतात आणि चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

माझी मावशी येत्या मे महिन्यात मुलगा, सून आणि पाच वर्षांच्या नातवासह जाणार आहे. तिच्यासाठी आम्ही लुसर्नला चार रात्री, टिटलिस आणि रिगी एवढेच लिहून ठेवले आहे. इंटरलाकेन यात नाही. टिटलिसचे तिकीट अजून काढलेले नाही, ते त्या सकाळी सात वाजता कॅमेऱ्यात डोंगर दिसला तरच काढायचे आहे. तोपर्यंत न्याहारी आणि डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तयार ठेवायच्या, एवढे तिने मान्य केले आहे.