रिझर्व्ह बँकेचं बुलेटिन आणि रिसर्च पेपर : फुकट आहे, दर्जेदार आहे, वाचायला घ्या

रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना उसने पैसे देते तो दर, बदलला की आपण बातम्यांत दोन मिनिटं ऐकतो, हप्ता किती वाढला की कमी झाला तेवढं विचारतो आणि विषय सोडून देतो. पण तो निर्णय ज्या अभ्यासावर उभा असतो त्यातला बराचसा रिझर्व्ह बँक स्वतःच्या वेबसाईटवर टाकते, एक रुपया न घेता, लॉगिन नाही की काही नाही, आणि तरी आपल्याकडे तो वाचणारी माणसं फार कमी भेटतात म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मी निफाड तालुक्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते, ठेवींचे दर ठरवताना संचालक मंडळ विचारतं की पुढे व्याज वाढेल का उतरेल, तेव्हापासून हे वाचायची सवय लागली ती लागलीच.

आधी थोडक्यात काय काय मिळतं ते सांगते. मासिक बुलेटिन जानेवारी १९४७ पासून निघतंय, तेव्हा गव्हर्नर होते आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख. त्यात दर महिन्याला ‘स्टेट ऑफ द इकॉनॉमी’ नावाचा एक मोठा लेख असतो आणि बँकेच्या संशोधकांचे तीन-चार लेख असतात. शिवाय वर्किंग पेपर (संशोधकांचे मोठे अभ्यास) वेगळे, सहा महिन्यांनी पतधोरण अहवाल, दर दोन महिन्यांनी घरोघरी केलेल्या सर्व्हेचे निकाल, आणि आकडे पाहिजे असतील तर डीबीआयई नावाचं पोर्टल. २०२५ च्या फेब्रुवारीत आरबीआयडेटा नावाचं ॲपपण आलं, त्यात ११ हजारांहून जास्त आकडेमालिका आहेत म्हणजे कर्ज, ठेवी, महागाई, परकीय चलन सगळं मोबाईलवर.

आता मुद्द्याचं. माझ्या भागातल्या माणसाने कुठला एकच पेपर वाचायचा असेल तर २०२४ च्या ऑक्टोबरमधला टोमॅटो-कांदा-बटाट्यावरचा वर्किंग पेपर वाचा. त्यात हिशोब मांडलाय की गिऱ्हाईक कांद्याला जो एक रुपया मोजतं त्यातले शेतकऱ्याच्या हातात साधारण ३६ पैसे पडतात, टोमॅटोत ३३ आणि बटाट्यात ३७. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात दुधाला ७० च्या आसपास आणि अंड्याला ७५ आलेत, म्हणजे फरक बघा केवढा आहे! आणि लक्षात घ्या हे ३६ पैसे म्हणजे नफा नाही, यातूनच रोप, खत, औषध, लागवडीची मजुरी, काढणी, कांदाचाळीत पडून सडलेला माल, ट्रॅक्टरचं भाडं सगळं भागवायचं. लासलगावच्या मार्केटला जाणारा कुठलाही माणूस हे वर्षानुवर्षं सांगतोय, पण तो सांगतो तेव्हा ती तक्रार असते आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या पेपरात आकड्याने आलं की ते नाकारता येत नाही. ह्याच कारणासाठी मला हा पेपर एवढा महत्त्वाचा वाटतो.

उपायही दिलेत त्यात. खाजगी मार्केट वाढवा, ई-नाम (सरकारचा ऑनलाइन शेतमाल बाजार) नीट वापरा, शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपन्यांना बळ द्या, साठवणूक सुधारा, कांद्याचे वायदे म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवायचे सौदे सुरू करा. वायद्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, दोन-तीन एकरवाला शेतकरी थेट वायद्यात उतरणार नाही, त्याच्या कंपनीने उतरलं तरच फायदा. साठवणुकीचं मात्र शंभर टक्के पटतं कारण देशातला ७० टक्क्यांच्या आसपास कांदा रब्बीचा म्हणजे उन्हाळ, तो चाळीत ठेवून ठेवून दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो आणि नवीन लाल कांदा पावसाने लांबला की मधल्या काळात भाव उसळतात. निर्यातबंदी काही रिझर्व्ह बँकेच्या हातातली गोष्ट नाही, पण डिसेंबर २०२३ ते मे २०२४ मध्ये बंदी असताना शेतकऱ्याच्या पदरात नेमकं किती कमी पडलं यावर त्यांच्याच संशोधकांनी एक स्वतंत्र मोठा पेपर करावा असं मला मनापासून वाटतं.

आता कांद्याचा आणि आपल्या होम लोनचा संबंध काय? तर थेट आहे. २०१६ पासून कायद्याखाली सरकारने रिझर्व्ह बँकेला ४ टक्के महागाईचं टार्गेट दिलंय, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा, आणि महागाई ज्यावर मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात (२०१२ पायाच्या) खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. जुलै २०२३ ला टोमॅटो भडकला आणि महागाई ७.४४ वर गेली. मग जुलै २०२४ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत मुद्दा आला की टार्गेटमधून अन्न बाजूला काढायचा विचार करा, कारण व्याजदर वाढवून काही टोमॅटो स्वस्त होत नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण पुढच्याच महिन्याच्या बुलेटिनमध्ये लेख आला की खाण्याची महागाई लांबत गेली तर लोकांच्या अपेक्षा बदलतात आणि ती मग बाकीच्या किमतींत शिरते, त्यामुळे तिच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. रेपो ६.५० वर तसाच राहिला आणि फेब्रुवारी २०२५ ला जाऊन तो ६.२५ झाला. कर्जदाराला त्या काळात राग आला असेल, पण कारण काय ते लेखी समोर होतं, आणि ते वाचून निदान वाद तरी मुद्द्यावर घालता येतो.

रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीची मिनिट्स (इतिवृत्त) चौदाव्या दिवशी येतात तीसुद्धा सोडू नका. सहा जणांपैकी कोणी काय मत दिलं आणि का, नावासकट असतं. जून २०२४ ला चार विरुद्ध दोन झालं होतं, आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी दर कमी करा म्हटलं होतं. गोयल मॅडम गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या. दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की विषय जितका समजतो तितका टीव्हीवरच्या चर्चेत कधीच समजत नाही.

घरोघरीचा महागाई सर्व्हे मला फार आवडतो. १९ शहरांतल्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांना विचारतात की आत्ता महागाई किती वाटते, पुढे किती होईल. २०२४ मध्ये लोक आठ टक्क्यांच्या आसपास सांगत होते आणि सरकारी आकडा पाचच्या आसपास होता. लोकांना गणित येत नाही असा अर्थ काढू नका, रोज जे घेतो तेच डोक्यात राहतं, भाजी, दूध, तेल. तक्रार एवढीच की यादीत आपल्याकडची मुंबई आणि नागपूर ही दोनच, पुणे नाही, नाशिक नाही, संभाजीनगर नाही. राज्याच्या आकाराच्या मानाने हे कमी आहे.

अंदाजांच्या बाबतीत मी मार्क कापते. २०२५-२६ ची महागाई एप्रिलमध्ये ४ टक्के सांगितली, मग ३.७, ३.१, २.६ आणि डिसेंबरपर्यंत २ वर आले. ऑक्टोबर २०२५ ची महागाई तर ०.२५ टक्केच निघाली, इकडे कांद्याला खर्च निघेल एवढाही भाव नव्हता. भाजीपाल्याचा अंदाज चुकू शकतो हे मान्य, पण निम्म्यावर येणं म्हणजे मॉडेलमध्ये कुठेतरी कमी आहे. तेवढं मात्र खरं की जुने अंदाज लपवलेले नाहीत, सगळे अहवाल तिथेच आहेत, तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता.

अजून एक, प्रत्येक लेखाखाली लिहिलेलं असतं की ही मतं लेखकांची, बँकेची नव्हेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारी बँकांच्या खाजगीकरणावर एक लेख आला, एकदम मोठ्या प्रमाणावर केलं तर फायद्यापेक्षा तोटा जास्त असं त्यात होतं, आणि त्यावर एवढी चर्चा झाली की बँकेला वेगळं प्रसिद्धीपत्रक काढून खुलासा करावा लागला. तो लेख छापला गेला हीच मला जमेची बाजू वाटते.

सगळ्यात मोठी उणीव भाषेची. बुलेटिन इंग्रजीत आणि हिंदीत निघतं, मराठीत नाही. ज्या पेपरचा विषयच कांदा आहे तो कांदा पिकवणाऱ्याला वाचता येऊ नये हे बरोबर नाही, निदान चार पानांचा मराठी सारांश तरी द्यायला हवा. तोपर्यंत घरातल्या कॉलेजच्या मुला-मुलींना कामाला लावा, कॉमर्स-इकॉनॉमिक्सवाल्यांचा अभ्यासपण होईल.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. नवीन असाल तर समीकरणांची पानं सरळ सोडा, आधी निष्कर्ष आणि तक्ते बघा, मग सुरुवातीला या. आणि बुलेटिन उघडलंत तर आधी भाज्यांच्या किमतींचा भाग शोधा, तो कुणालाही कळतो.