घाटाखाली पेशंट, व्हिडिओवर डॉक्टर: वर्षभर वापरल्यानंतर

आधी मत सांगून टाकते. डॉक्टर ओळखीचे असतील, आजार जुना असेल आणि घरात बीपी मोजणारं, गोळ्यांची पाकिटं दाखवणारं, म्हाताऱ्या माणसाचा पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरणारं कुणीतरी असेल, तर व्हिडिओवर दाखवणं उत्तम. यातलं एक जरी नसेल तर सरळ दवाखाना गाठा. आमच्या घरात ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी. त्यामुळे इथे अ‍ॅपबद्दल कमी आणि त्या कामाबद्दल जास्त वाचायला मिळेल.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, आंबा घाटाखाली साखरप्याजवळ राहतो. सासूबाईंना शुगर आणि बीपी, दोन्ही बरीच वर्षं. त्यांचे फिजिशियन कोल्हापुरात. म्हणजे पहाटे उठायचं, रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून भाकरी डब्यात बांधून घ्यायची, आंबा घाट चढायचा, मलकापूर येईपर्यंत सासूबाईंना एकदा तरी उलटी होणार, मग नंबर लावून बसायचं, आणि आत गेल्यावर डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणणार, “छान आहे, हेच चालू ठेवा.” जुलै २०२१ च्या पावसात घाटात दरडी कोसळून रस्ता खचला, तेव्हापासून आभाळ भरून आलं की सासूबाई गोळ्या संपल्याचं सांगतच नाहीत. मागच्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनीच सुचवलं की वर्षातून दोनदा प्रत्यक्ष या, मधलं व्हिडिओवर बघू.

हे कायद्यात बसतं का, ही शंका आमच्या ह्यांची. ती अगदीच फुकाची नव्हती. २०१८ साली आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, पेशंटला न तपासता फोनवरून औषधं सांगितल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला गेला होता. पुढे २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची नियमावली आली. त्यात व्हिडिओ, फोन आणि नुसते मेसेज असे प्रकार केलेत, आणि कशावर कोणती औषधं लिहून देता येतील ते ठरवून दिलंय. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं अशी देता येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे, ‘तुम्ही प्रत्यक्ष या’ असं डॉक्टर कधीही सांगू शकतात. आमच्या डॉक्टरांनी तो वापरला, ते पुढे सांगते.

सगळ्यात मोठा फायदा बीपीत झाला, आणि तो मला अजिबात अपेक्षित नव्हता. कोल्हापुरात सासूबाईंचं बीपी कायम चढलेलं निघायचं. घाट, उलटी, तासभर ताटकळणं, वर डॉक्टरांची भीती. चढणार नाही तर काय! गोळीचा डोस वाढवायचं घाटत होतं. व्हिडिओ ठरल्यावर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्यायला लावलं (मनगटाचं नको म्हणाले) आणि मला नीट शिकवलं. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीवर, बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरच्या मोजणीला १३५/८५, हेही मला तेव्हाच कळलं. सरासरी रेषेच्या आतच निघाली. डोस वाढला नाही. यातलं अवघड काम एकच होतं, सासूबाईंना पाच मिनिटं न बोलता बसवणं.

आणखी एक गोष्ट. सासूबाईंना कमी ऐकू येतं. दवाखान्यात डॉक्टर मास्क लावून, मान खाली घालून लिहिता लिहिता बोलतात. व्हिडिओवर त्यांचा चेहरा समोर, ओठ दिसतात, आवाज मोठा करता येतो. “आता डॉक्टर नीट बोलायला लागले,” असं सासूबाईंचं म्हणणं आहे. रेंज गेली की कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर भागवतो, आणि पावसात ती जातेच. आमच्याकडे पडवीच्या एका कोपऱ्यात बरी रेंज येते, तिथे कायमची खुर्ची टाकून ठेवली आहे.

आता पायाचं. व्हिडिओवर दर वेळी डॉक्टर विचारायचे, “आजी, पायाला मुंग्या येतात? बधिर वाटतो?” आजी दर वेळी ठणकावून नाही म्हणायच्या. मी तळवे कॅमेऱ्यासमोर धरायची, जखम नाही, भेग नाही, सगळं ठीक. तरी दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, यावेळी घेऊनच या. तिथे त्यांनी नायलॉनची बारीक तार तळव्यावर ठिकठिकाणी टेकवली, डोळे मिटून ‘लागलं का’ सांगायचं होतं. अंगठ्याखाली आणि टाचेपाशी तार वाकेपर्यंत टेकवली तरी सासूबाई गप्प. त्या खोटं बोलत नव्हत्या. जे जाणवतच नाही ते नाही हे माणसाला कळणार कसं? शुगरवाल्यांच्या पायाची अशी तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी असं डॉक्टर म्हणाले, आणि ती कुठल्याही कॅमेऱ्यातून होत नाही. तेव्हापासून सासूबाईंचं अनवाणी खळ्यात जाणं बंद आहे. म्हणजे बंद आहे असं त्या मला सांगतात.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी. आबांना व्हिडिओचं नाव काढलेलं चालत नाही. “हात न लावता कसला डॉक्टर? टीव्हीवरचा जाहिरातवाला बरा.” गुडघ्यांसाठी त्यांना पडवीतल्या खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला तेव्हा ते उठून गोठ्यात निघून गेले. मला वाटलं, जुनी माणसं, मोबाइलचा तिटकारा. पण तसं नव्हतं, हे उपकेंद्रात कळलं.

आमच्या उपकेंद्रात ई-संजीवनी चालतं. केंद्र सरकारची ही मोफत सेवा, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने तयार केलेली. घरबसल्या वापरायची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, पण त्याआधी, २०१९ च्या नोव्हेंबरात, दुसरा प्रकार आला होता. त्यात पेशंट आरोग्य केंद्रात येतो, तिथली समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) त्याला तपासते आणि लांबच्या डॉक्टरांना व्हिडिओवर जोडून देते. आशाताई आबांना बीपी बघायला म्हणून घेऊन गेल्या. सीएचओ मॅडमनी बीपी घेतलं, बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली, गुडघा दाबून, वाकवून बघितला, कुठे दुखतं ते विचारलं आणि मग स्क्रीनवरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी “आता आजोबांना उठून चालायला सांगा” म्हटलं, आबा चालून दाखवून आले. घरी येऊन म्हणाले, “चांगलं तपासलं हो!” मी म्हटलं, आबा, डॉक्टर तर मोबाइलसारखेच होते ना पडद्यावर? तर म्हणाले, “पण त्या पोरीने हात लावला की.”

त्यांची अडचण पडद्याची नव्हतीच. आपल्याला कुणी तपासलं की नाही, एवढंच ते बघत होते. माझ्या मते व्हिडिओ तपासणीवर रुसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच असणार, आणि त्यांना अ‍ॅप कसं वापरायचं हे शिकवून काही उपयोग नाही.

तरुणांचं बरोबर उलटं. माझ्या पुतण्याला पावसाळ्यात जांघेत गजकर्ण झालं. गावातले डॉक्टर त्याच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे तिकडे जायला तयार नाही. त्याने परस्पर एका खाजगी अ‍ॅपवर अनोळखी डॉक्टर गाठला. ट्यूबलाइटच्या उजेडात व्हिडिओवर चामडीचा रंग काही धड दिसेना. शेवटी दिवसाउजेडी काढलेले फोटो पाठवले तेव्हा काम झालं. कातडीच्या आजाराला हलत्या व्हिडिओपेक्षा चांगला फोटो बरा, हे त्या डॉक्टरांनीच सांगितलं. त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मला आवडला: “आधी कुठली ट्यूब लावलीस?” लावली होतीच, मेडिकलमधून मागून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली. तिने खाज थांबते आणि गजकर्ण पसरतं. लाजेपोटी ट्यूब लावत बसणाऱ्या पोरांना अनोळखी डॉक्टरचा पडदा खरोखर उपयोगी आहे. अ‍ॅप मात्र नंतर महिनाभर त्याला केस गळण्याच्या जाहिराती पाठवत होतं.

आणि मी. मला पाळीचा त्रास. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओवर दाखवते. जाण्यायेण्याचा दिवस वाचतो, मुलांची शाळा सांभाळता येते, सगळं खरं. पण रेंज येते ती पडवीत, आणि पडवीत आबा सुपारी कातरत बसलेले. शेजारची काकू “काय बोलतेस गं डॉक्टरशी?” म्हणून डोकावणार. दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना “जरा बाहेर बसा” म्हणू शकतात आणि सगळे निमूट बसतात. घरात सुनेने सासऱ्यांना बाहेर बसा म्हणायची सोय नाही. डॉक्टरीणबाईंना हे माहीत आहे. त्या प्रश्न असे विचारतात की मला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागतं. तरी एकदा मूळ तक्रार सांगायची राहूनच गेली. आता मी हेडफोन घालून गाडीत बसते, गाडी रेंजच्या कोपऱ्यापाशी लावून. बायकांच्या तक्रारींसाठी व्हिडिओ सोयीचा आहे असं जे लोक म्हणतात, त्यांच्या घरात बहुधा एक खोली जास्तीची असते.

पैशांबद्दल. आमच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांची फी व्हिडिओवरही तेवढीच आहे. ह्यांना आधी ते पटेना, “फोनवर बोलायचे कसले पैसे?” नियमावलीत फीच्या बाबतीत दोन्ही तपासण्या सारख्याच धरल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर डॉक्टर व्हिडिओवर जास्त वेळ देतात. गाडीभाडं आणि बुडलेला दिवस धरला तर आम्ही कितीतरी फायद्यात. माझी वेळ मात्र यात कुणी धरत नाही. आठवडाभराचं बीपी लिहिणं, रिपोर्टचे फोटो पाठवणं, गोळ्यांची पाकिटं ओळीने मांडणं, पाय उचलणं. पूर्वी यातलं बरंचसं दवाखान्यातली सिस्टर करायची.

चिठ्ठीची कटकट अजून पुरती संपलेली नाही. डॉक्टर सही केलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन नियमात चालतो. बाजारातल्या एका मेडिकलवाल्याला तरी शिक्का हवा असतो. नियमावलीचं ते पान मी मोबाइलमध्ये ठेवलं आहे, त्याला दाखवूनही झालं. तो म्हणतो, इंग्रजी आहे, मी कशाला वाचू. त्याच्या समोरचा दुकानदार काही न विचारता गोळ्या देतो आणि चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतो. मी आता त्याच्याकडेच जाते.