हाइसलर पार्कला जाताना आधी ओहोटीची वेळ बघा

कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचच्या हाइसलर पार्कला आम्ही पहिल्यांदा गेलो ते भर भरतीत. कड्यावरून फिरलो, गुलाब पाहिले, फोटो काढले आणि घरी आलो. छान बाग आहे, एवढंच वाटलं. खाली काय आहे ते कळायला मालवणहून आई यावी लागली.

आयर्विनहून लगुना कॅन्यन रोडने निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत समुद्र दिसतो. मेन बीचवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताचा कडा म्हणजे हाइसलर पार्क. आर्ट म्युझियमपासून सुरू होऊन क्लिफ ड्राइव्हच्या कडेने ही बाग जाते. लांबी साधारण अर्धा मैल, वाट सपाट, दर थोड्या अंतरावर बाकं. थंडीत कोरफडीचे लाल तुरे फुललेले असतात. मध्येच लॉन बोलिंगचं हिरवंगार मैदान आहे. न्यूयॉर्कच्या पडलेल्या मनोऱ्यांच्या पोलादी तुळया वापरून केलेलं स्मारकही इथेच आहे. हवा स्वच्छ असली की समोर कॅटालिना बेट दिसतं. प्रवेश फुकट, गाडीसाठी मात्र मीटर. शनिवार-रविवारी जागा मिळवायला अर्धा तास गेला तरी नवल नाही, म्हणून आम्ही आता आडवारी जातो.

पण हे सगळं वरचं. खरी मजा खाली आहे आणि ती ओहोटीलाच दिसते.

आई भरतीची वेळ तोंडी काढते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. त्या दिवशी अमावास्या होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती म्हणजे साडेपाचच्या सुमाराला पूर्ण सुकती. जानेवारीत इथे पाचच्या आसपास सूर्य बुडतो, म्हणजे अंधारात काय बघणार! मी फोनवर तक्ता काढला तर ओहोटी सव्वातीनची, शून्याच्या, म्हणजे नेहमीच्या खोल ओहोटीच्या पातळीच्या, खाली दीड फूट. आईचा हिशेब कोकण किनाऱ्याचा, पॅसिफिकचं घड्याळ वेगळं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं नि जास्त उतरतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. इथे आणखी एक लक्षात ठेवा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जेमतेम उतरते, दुसरी खोल जाते. थंडीत ही खोल ओहोटी दुपारी येते, उन्हाळ्यात पहाटे. तक्त्यात उणे आकडा दिसला की तोच दिवस धरा, आणि त्या वेळेच्या तासभर आधी खाली पोहोचा.

खाली जायला जागोजागी पायऱ्या आहेत. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही पिकनिक बीचचा उतार धरला. वाळू संपून खडक लागला तशी ती माझा हात सोडून पुढे झाली. खडपांवर चालायचं तिला कोणी शिकवायला नको. काळ्या-निळ्या शिंपल्यांची दाटी बघून थबकली. “एवढी शिनाणी आसत, आणि कोण काढीत नाय?”

नाही काढत. हा सगळा किनारा राखीव आहे. 2012 पासून इथून काहीही न्यायला बंदी आहे. मासा नाही, शिंपला नाही, दगडसुद्धा नाही. आईला ते आधी पटेना. रिकामा शंख उचलला तर कोणाचं काय जातं? तेवढ्यात एका डबक्यात बोराएवढा काळा शंख तुरुतुरु चालायला लागला. आत खेकडा होता. त्याला स्वतःचा शंख नसतो, वाढला की मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. आईने हातातला शंख होता तिथे ठेवला.

मग माझा मुलगा एका ओबडधोबड दगडावर पाय टाकणार, इतक्यात आईने त्याची कॉलर धरली. “पाय खंय ठेवतंस ता बग आधी.” दगडावर ओल्या वाळूचे नि शिंपल्यांच्या चुऱ्याचे गोळे होते, खेटून बसलेले, पन्नास तरी. नीट बघितलं तर प्रत्येकाच्या मध्यभागी चिमटीत धरल्यासारखी घडी. ती समुद्रफुलं, फुलासारखे दिसणारे समुद्री जीव. पाणी ओसरलं की अंग मिटून घेतात, आणि उन्हात सुकू नये म्हणून हा चुरा अंगाला चिकटवून ठेवतात. हातभर अंतरावरच्या डबक्यात तीच फुलं उघडी होती. हिरवट पाकळ्या, टोकाला किंचित गुलाबी, पाण्याबरोबर हलणाऱ्या. जी वाळू समजून लोक सरसकट तुडवतात ती ही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे: मोकळ्या, उघड्या खडकावरच पाय द्या.

त्या दुपारी आम्हाला जांभळे समुद्री साळू दिसले, आपापल्या खळग्यात घट्ट बसलेले. खडकाच्या सांदीत एक नारिंगी तारामासा होता. शेजारचा एक जण फोटोसाठी तो ओढून काढायला निघाला, तेव्हा आईनेच हाताने ‘नको’ केलं. भाषा आली नाही तरी त्याला कळलं. तो मागे सरकला.

जाताना तळ धरणारे बूट घाला, शेवाळावर चपला घसरतात. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, थंडीत मोठी लाट न सांगता येते. पाणी फिरलं की लगेच वर या, कारण काही खडकांमागची वाट भरतीत बुडते.

पाचपैकी पाच, पण ओहोटीला. भरतीला गेलात तर ही एक सुंदर बाग आहे, इतकंच.

चारच्या पुढे पाणी चढायला लागलं तसे आम्ही वर आलो. आई बाकावर बसून राहिली. डबकी एकेक करून बुडताना बघत होती, अंधार पडेपर्यंत. गाडीत बसल्यावर बोटांवर मोजून तिने पौर्णिमेचा वार सांगितला. मी त्या दिवशीची रजा टाकली आहे.