स्पेसिफिकेशनमध्ये माप लिहायचं की काम?

‘ब्रॅकेट 3 मिमी माइल्ड स्टील पत्र्याचा, चार भोकं’ हे एक स्पेक, म्हणजे भाग कसा हवा ते सांगणारं स्पेसिफिकेशन. ‘ब्रॅकेटने 20 किलोची मोटर पेलावी, मोकळं टोक 0.5 मिमीपेक्षा जास्त वाकू नये’ हे दुसरं. भाग एकच. पहिल्यात रचना बांधून दिली आहे, दुसऱ्यात फक्त काम सांगितलं आहे. कुठे कोणतं वापरायचं हे डिझाइनच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

मापं लिहिली की तपासणी झटपट होते. व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) लावला, टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत बसलं, माल पास. पण मोटर सुरू झाल्यावर ब्रॅकेट थरथरला तर व्हेंडरला बोल लावता येत नाही, कारण त्याने मागितलं तेच दिलं. काम लिहिलं तर ती जबाबदारी बनवणाऱ्याकडे जाते. तो पत्र्याला रिब (ताठपणासाठी उठवलेली पट्टी) देऊन जाडी कमी करेल, कदाचित आपल्याला न सुचलेलं काही आणेल. मात्र मग चाचणी कशी घ्यायची ते आपल्याला लिहावं लागतं, आणि बहुतेक स्पेक तिथेच लंगडी पडतात.

माझ्या मते याचा उत्तम धडा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने (संदेशवहन विभागाने) डिसेंबर 1907 मध्ये विमानासाठी काढलेल्या स्पेसिफिकेशन क्रमांक 486 मध्ये आहे. इंजिन किती ताकदीचं हे त्यात ठरवलेलं नव्हतं, ते बोली लावणाऱ्याने सांगायचं होतं. वेग ताशी 40 मैल, मिळून 350 पौंडांची दोन माणसं, न उतरता एक तास उड्डाण, एवढं मागितलं होतं. वेग मोजायचा तो 5 मैलांहून लांब मार्गावर, एकदा वाऱ्याबरोबर आणि एकदा वाऱ्याविरुद्ध, सरासरी काढून. 40 च्या वरच्या प्रत्येक पूर्ण मैलाला 10 टक्के जास्त रक्कम, खालच्या प्रत्येक मैलाला 10 टक्के कमी, आणि 36 च्या खाली विमान नाकारायचं. 1909 मध्ये राइट बंधूंनी 42 मैलांहून थोडा जास्त वेग गाठला आणि 25,000 डॉलरच्या करारावर 5,000 डॉलर जादा मिळवले. लक्ष्य, किमान मर्यादा आणि मधल्या प्रत्येक पायरीची किंमत, तिन्ही आकड्यांत.

त्याच कागदावर आणखी एक अट होती: हुशार माणसाला हे यंत्र चालवणं वाजवी वेळात जमावं. हे कसं तपासणार? किती तास, कोणाला, आणि ‘जमलं’ कधी म्हणायचं? आजही ‘झाकण सहज उघडावं’ असं सर्रास लिहिलं जातं. त्याऐवजी ‘झाकणाच्या कडेला फोर्स गेज लावून ओढल्यावर 5 ते 8 न्यूटनमध्ये उघडावं’ लिहा. हा आकडाही वापरणाऱ्यांच्या हातात झाकण देऊनच ठरवा, टेबलावर बसून नको.

तरीही जिथे दोन भाग जुळतात तिथे मापंच हवीत. एम6 चा (6 मिमी व्यासाचा) बोल्ट 1 मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये 1 मिमी अंतराचा असेल तर नटही त्याच पिचचा लागतो, ‘मजबूत जोड’ लिहून तो बसत नाही. चाचणीचा खर्च भागाच्या किमतीहून जास्त होत असेल तिथेही माप लिहून मोकळं व्हावं. बाकी सगळीकडे मी आधी काम लिहीन.

तयार मानक वापरतानाही त्यातली चाचणी वाचा. आयपी हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानक घ्या. आयपी67 मध्ये 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं हे ठरलेलं आहे. आयपी68 मध्ये खोली आणि वेळ उत्पादक ठरवतो, म्हणून स्पेकमध्ये नुसतं ‘आयपी68’ न लिहिता किती मीटर आणि किती मिनिटं तेही लिहा.